वहीतली कोरी ओळ

हे लिहायचं मी बावीस वर्षं टाळलं. नवरात्र आलं की मोशीच्या पुढे रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. तो कडसर, ओलसर वास नाकात शिरला की मी ठरवतो, यंदा लिहायचंच. मग दसरा होतो, उरलेली फुलं टेम्पोवाले तिथंच ओतून जातात, लोक दिवाळीच्या मागे लागतात, आणि मीही त्यांच्यात मिसळून जातो. टाळण्याचं कसब माझ्या अंगी चांगलं आहे. चाकणहून राजगुरुनगरकडे जाणाऱ्या एसटीत मी नेहमी उजव्या बाजूला बसतो. डाव्या बाजूला एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान लागतं, ते दिसू नये म्हणून.

यंदा मात्र टाळता येईना. यंदा मी एक जुनी वही वाचायला शिकलो.

एकाहत्तराव्या वर्षी लिनक्स शिकलो म्हटलं की ऐकणारा आधी कौतुकानं बघतो आणि मग विषय बदलतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिचे पुष्कळ प्रकार आहेत. काही इतके सोपे, की चार वेळा 'पुढे' दाबलं की झालं. मी घेतला तो प्रकार वेगळा. तो विटा, वाळू, सिमेंट दारात आणून टाकतो आणि म्हणतो, बांधा आता. समोर काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी खूण. आत काय हवं, कुठं हवं, कशाला हवं, हे सगळं आपणच एकेक ओळ टाइप करून सांगायचं.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सोपं मिळतं हो. तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?"

माझी बायको शालिनी आतून ओरडली, "सोपं असलं की यांना अपचन होतं गं!"

खरं कारण मी दोघींनाही सांगितलं नाही. माझ्याकडे जी वही होती, ती याच अवघड प्रकाराची होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आत बॉलपेननं, मराठीत, पायऱ्या पायऱ्यांनी सगळं लिहिलेलं. 'आधी डिस्कचे कप्पे पाडावे. घाई करू नये.' 'इथं चुकलं तर परत पहिल्यापासून. रागवू नये.' 'ही आज्ञा दिल्यावर काहीच दिसत नाही. म्हणजे काम झालं.' अक्षर ठसठशीत, आयटीआयच्या जर्नलमधल्यासारखं. पहिल्या पानावर नाव: नवनाथ.

नवनाथ चाकणच्या अलीकडच्या एका गावातला. घरची शेती, कांदा आणि झेंडू. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. आमच्या कंपनीत कंत्राटी म्हणून लागला तेव्हा पंचविशीचा असेल. मी मेंटेनन्सचा इनचार्ज. बार्शीहून येऊन दापोडीच्या एका खोलीत संसार मांडलेला, रात्रशिफ्टा करत करत वर चढलेला माणूस मी. मला शिकवायची भारी हौस. सर्किटची ड्रॉइंग वाचायला मी त्याला शिकवलं. तो पटापट शिकला आणि पुढे गेला. पुढे म्हणजे मला दिसेनासा होईल इतका पुढे, आणि ते मला कुठंतरी सलायला लागलं होतं. हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मीच त्याला दिला होता. "घे, खेळ याच्याशी." सहा महिन्यांत त्यानं त्यावर लिनक्स बसवलं. पार्ट गळतो का ते तपासणाऱ्या, लीक टेस्टिंगच्या मशिनला तो कॉम्प्युटर जोडला, आणि प्रत्येक पार्टची तपासणी आपोआप नोंदली जाऊ लागली. तोवर दोन माणसं दिवसभर कागदावर आकडे लिहायची. प्लांट हेड बघायला आले, मान हलवून गेले. दिवाळीनंतर नवनाथला पर्मनंट करायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्या घरी ही बातमी पोचलेली होती. त्याची आई एकदा गेटवर मला भेटली आणि म्हणाली, "साहेब, तुमी व्हता म्हून झालं बगा."

मी म्हटलं होतं, "अजून व्हायचंय, मावशी."

लॅपटॉपवर पहिला आठवडाभर माझं काहीच झालं नाही. गणपती उठले त्या दिवशी सुरू केलं. कप्पे पाडले, ते चुकले. पुन्हा पाडले. वही बावीस वर्षांपूर्वीची, तिच्यातल्या निम्म्या आज्ञा आता चालत नाहीत. इंटरनेटवर नव्या शोधायच्या आणि वहीशी ताडून बघायच्या. एकदा सगळं नीट झालं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर इंटरनेटच नाही. जोडणी करणारा प्रोग्रॅम आत घ्यायचा मी विसरलो होतो, आणि तो आणायला इंटरनेट हवं. विहिरीत उतरून शिडी वर विसरल्यासारखं. वही उघडली. त्या पानावर कोपऱ्यात लिहिलेलं होतं: 'नेटचं आधी बघा. मी विसरलो होतो.' मी एकटाच हसलो.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन. प्राधिकरणातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीवरचे सोलर चकाकताना दिसतात. शालिनी उपासाचे वरीचे तांदूळ निवडत बसायची, मी काळ्या पडद्यासमोर.

"अहो, झालं का तुमचं?"

"झालं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"ते काही बोलत नाहीये. म्हणजे झालं."

"मग तुमच्यासारखंच आहे की," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तिला काही माहीत नव्हतं. तरी माझा हात की-बोर्डवर थांबला.

या प्रणालीची ही रीत मला फार आवडली. काम नीट झालं की ती गप्प राहते. बिघडलं तर मात्र लपवत नाही. काय बिघडलं, कुठं, किती वाजता, सगळं एका फाइलीत लिहून ठेवते. त्या फाइलीला लॉग म्हणतात. तिथं कुणाची अब्रू राखलेली नसते. आमच्या मेंटेनन्समध्येही एक रजिस्टर असायचं, ब्रेकडाउन रजिस्टर. काय बंद पडलं, किती वेळ, कारण काय, कुणी दुरुस्त केलं, सही. वीस वर्षं मी ते भरलं. 'कारण' हा त्यातला सगळ्यात अवघड रकाना. तो माणसाच्या हातानं भरला जातो.

खंडेनवमीला कारखान्यात शस्त्रपूजा असते. आमची शस्त्रं म्हणजे पान्हे, मल्टिमीटर, लेथ, ड्रिल. आदल्या दिवशी सगळं रॉकेलनं पुसायचं, मशिनच्या अंगावर हळद-कुंकवाची बोटं, स्विचबोर्डाला झेंडूचा हार. आमच्या शेडची आणखी एक प्रथा होती. पूजा सुरू होताना मेन स्विच पाडायचा. मशिनला वर्षातून अर्धा तास विसावा. तो स्विच पाडण्याचा मान इनचार्जचा, म्हणजे माझा.

तो क्षण मी विसरू शकत नाही. वर्षभर कानात घुमणारी घरघर एकदम थांबते. कॉम्प्रेसर शेवटचा एक सुस्कारा टाकतो. पत्र्याखालच्या लोखंडी तुळयांवर चिमण्या आहेत हे त्याच दिवशी कळतं. दीडशे माणसं हात जोडून उभी असतात आणि कुणाचं तरी पोट वाजलेलंसुद्धा ऐकू येतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी नवनाथ माझ्याकडे आला. "साहेब, नोंदींना जागा कमी पडाय लागली. आज टेस्टिंग बंद हाय, म्हून डिस्कचे कप्पे वाढवाय लावलेत. दुपारपातुर चालंल."

"आणि मी मेन पाडणार त्याचं काय?"

"यूपीएस हाय की. पाऊण तास निघतोय. फकस्त मधी त्याला कुनी हात लावू देऊ नका. मधीच बंद पडलं तर समदं जाईल."

"बरं," मी म्हणालो. एवढंच. तिसरं कुणी तिथं नव्हतं.

वर्षातून त्याच एका दिवशी मशीन मोकळं असायचं. त्यानं अगदी विचार करून दिवस निवडला होता. मग नारळ कमी पडले म्हणून मी त्यालाच चाकणला पाठवलं. पूजा सुरू झाली. मी मेन पाडला. ती शांतता आली. आणि त्या शांततेत, टेस्टिंगच्या कोपऱ्यातून यूपीएस वाजायला लागला. टूं. टूं. टूं. वीज गेली की तो वाजतोच. इतर दिवशी घरघरीत कुणाला ऐकू आला नसता.

गुरुजी थांबले. लोकांत खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "राव, देवाचा फोन आलाय, उचला कुनीतरी." प्लांट हेड हातात निरांजन घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, ये क्या बज रहा है? बंद करो ना."

'साहेब, तो बंद करून चालणार नाही' हे एक वाक्य होतं. ते मला येत होतं. कोपऱ्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं होती, तेवढ्यात ते सुचलंही होतं. पण दीडशे माणसांसमोर इनचार्जच्या शेडमध्ये काहीतरी केकाटतंय, आणि ते कंत्राटी पोराच्या सांगण्यावरून थांबवायचं नाही, हे मला त्या घडीला सांगवेना. मी यूपीएसचं बटण दाबून धरलं. टूं टूं थांबलं; मशिनाआड मी काय दाबलं ते कुणाला दिसलं नाही, सगळ्यांना वाटलं, नुसता आवाज बंद केला. पडद्यावरचे आकडे गेले. मी परत येऊन हात जोडून उभा राहिलो. गुरुजींनी पुढचा मंत्र उचलला.

तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्याच्याकडे एक प्रत होती, ती त्याआधीची. नवी ठेवायला जागा नव्हती म्हणून तर तो कप्पे वाढवत होता. दिवाळीनंतर गिऱ्हाइकाचे ऑडिटर येणार होते. गोदामातला सगळा माल पुन्हा तपासायला काढावा लागला, पोरांच्या दिवाळीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. त्याच दुपारी केबिनमध्ये चौकशी झाली. मी म्हणालो, "वीज गेल्यावर सिस्टिम आपोआप बसली. मोफतची आहे, भरवसा नसतो." प्लांट हेड म्हणाले, "फ्री का माल." मग नवनाथला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एक श्वास भरायला लागतो तेवढाच. "न्हाई साहेब. काय न्हाई."

मला वाटलं, त्याला काही कळलेलं नाही. या समजुतीवर मी बावीस वर्षं काढली. रजिस्टरमध्ये लिहिलं: 'कारण: संगणक प्रणालीतील दोष. प्रणाली बसवणारा: नवनाथ.' खाली माझी सही, वळणदार.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी तो सोनं द्यायला घरी आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, वाकून नमस्कार केला. शालिनीनं त्याला श्रीखंड-पुरी वाढली. तो म्हणाला, "वहिनी, पुऱ्या एक नंबर." दिवाळीनंतर त्याचं कंत्राट पुढं सरकलं नाही. जायच्या दिवशी त्यानं ही वही दिली. "साहेब, सवड झाली की शिका. सोपं न्हाई, पर शिकन्यासारखं हाय." मी ती घरी आणली आणि माळ्यावर टाकली.

मधल्या वर्षांत कधीतरी चाळली होती. शेवटच्या पानावर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या, मध्ये एक ओळ कोरी. मला वाटलं, असेल एखादी आज्ञा, अर्धवट राहिलेली.

यंदा सातव्या माळेच्या दिवशी माझं मशीन पूर्ण उभं राहिलं. मी पायरीपायरीनं त्याच्या आत फिरत होतो, एखादं स्वतः बांधलेलं घर रंग देण्याआधी बघावं तसा. लॉगची फाइल उघडली. माझ्याच चुका तिथं वेळेसकट मांडलेल्या होत्या. तारीख, किती वाजले, मग मजकूर. प्रत्येक ओळ त्याच घाटाची. हा घाट कुठंतरी पाहिलाय असं वाटलं. उठलो आणि वहीचं शेवटचं पान काढलं.

पहिली ओळ खंडेनवमीच्या तारखेची. दहा बावन्न: वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीवर चालू. दुसरी ओळ अकरा चाळीसची: मशीन सुरू झालं. मध्ये कोरी ओळ.

मेंटेनन्सच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बॅटरी संपत आली असती तर तशी नोंद पडली असती. कुणी रीतीनं बंद केलं असतं तर तीही पडली असती. दोन्ही नाहीत. म्हणजे बॅटरी भरलेली असताना कुणीतरी हातानं बटण दाबलं. हात लावायचा नाही, हे फक्त एकाला माहीत होतं, आणि त्यानं 'आपोआप' असं सांगितलं होतं. नवनाथनं हे त्याच दिवशी, अकरा चाळीसनंतर, वाचलं होतं. केबिनमध्ये माझ्याकडे बघितलं ते वाचून झाल्यावर. दसऱ्याला वाकला तो वाचून झाल्यावर. पुऱ्या एक नंबर म्हणाला तोही वाचून झाल्यावर.

आणि ती कोरी ओळ त्यानं माझ्यासाठी ठेवली होती, की सहज सुटली होती, हे मला ठरवता येत नाही. वहीत इतरत्र कुठंही त्यानं ओळ सोडलेली नाही.

शालिनी येऊन म्हणाली, "काय, पुन्हा बिघडलं का?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्या पोराला मी आग्रह करकरून वाढत होते हो." मग वही माझ्यापुढे सरकवत, "दसऱ्याला जाऊन या."

सोनं द्यायला लहानांनी मोठ्यांकडे जायचं असतं. यंदा मी गेलो. पिशवीत आपट्याची पानं, लॅपटॉप आणि वही. एसटीत डाव्या बाजूला बसलो. चाकणच्या पुढे एका वावरात झेंडू तोडून झाला होता, नुसती हिरवी झुडपं उरली होती. काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. पाच शब्द होते.

ते रिवाइंडिंगचं दुकान उघडंच होतं. नवनाथच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. एका जळक्या पंपाच्या मोटरीतून तांब्याची तार ओढून काढत होता. मला बघितलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

"साहेब! अवो, सांगायचं तरी. मी आलो असतो की."

बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. भिंतीशी टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, त्यावर कालच्या पूजेचा हार, फुलांच्या कडा तपकिरी झालेल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मी पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला. तो वाकून बघत राहिला, मग खुदकन हसला. "बसवलं तुमी? खरंच? नेटचं विसरलाच असाल!"

"विसरलो."

"समदेच विसरत्यात!" त्याला खरोखर आनंद झाला होता. त्यानं कोण कोण रिटायर झालं विचारलं, वहिनींचे गुडघे विचारले. मी वही टेबलावर ठेवली. त्यानं तिच्यावरून हात फिरवला, उघडली नाही.

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. टेबलाखालून आवाज सुरू झाला. टूं. टूं. टूं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. खुर्ची ओढली, की-बोर्डवर एक ओळ टाइप केली, चालू असलेली कामं एकेक करून मिटू दिली, शेवटचं मिटेपर्यंत वाट बघितली. मग खाली वाकून यूपीएस बंद केला. पुरा मिनिटभर तो वाजत होता. कुणाचं काही बिघडलं नाही.

मी म्हणालो, "नवनाथ, त्या दिवशी..."

"चहा निवतोय, साहेब," तो म्हणाला. आवाज मऊ होता. त्यात राग शोधला, सापडला नाही. क्षमा शोधायचं धाडस झालं नाही.

चहा प्यायलो. निघताना पानं त्याच्या हातात ठेवली, आणि तो पुन्हा वाकला, बावीस वर्षांपूर्वीसारखाच. मी त्याचे खांदे धरले, वर उठवलं. तेव्हा शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. दारात एक गिऱ्हाईक मोटर घेऊन उभं राहिलं. "भाऊ, हाय का आज चालू?" एसटी आली. मी बसलो. कुठल्या बाजूला, ते आठवत नाही.

ते रजिस्टर आता कुठं असेल ठाऊक नाही; कंपनी दुसऱ्या हातात गेली, जुनी कपाटं भंगारात गेली. म्हणून ती नोंद इथं दुरुस्त करतो. काय बंद पडलं: टेस्टिंगचा कॉम्प्युटर. केव्हा: खंडेनवमी, दहा बावन्न आणि अकरा चाळीस यांच्या मध्ये. कारण: मी यूपीएसचं बटण दाबलं. त्याला कुणाला हात लावू देऊ नका, असं नवनाथनं सकाळीच सांगितलं होतं. प्रणालीत दोष नव्हता. सही माझी.

आणि नवनाथ, त्या दिवशी दुकानात उभा राहून जे तुला म्हणायचं होतं, ते एवढंच होतं: माझं चुकलं, मला माफ कर.